सातारा-पुणे गाडीनं जाताय? ओळखीची टॅक्सी असो नायतर ॲपची, एवढं बघूनच बसा

गेली सात वर्षं माझं सातारा-पुणे चालूच आहे, कधी एसटीनं, कधी शेअरच्या गाडीनं, रात्री उशीर झाला तर ॲपवरची कॅब आणि आईला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं की ओळखीच्या टॅक्सीवाल्या काकांची गाडी. त्यामुळं नात्यातलं कुणी ना कुणी फोन करून विचारतंच की अगं पोरीला एकटीला पाठवायचंय, टॅक्सी बरी का ॲपची गाडी बरी. दरवेळी सांगण्यात अर्धा तास जातो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. टॅक्सी का ॲप हे नंतर बघा. आधी हे बघा, की गाडी कुठली आहे, चालवतंय कोण आणि आत्ता कुठं पोचलीय हे गाडीबाहेरच्या एका तरी माणसाला माहितीय का. ओळखीच्या टॅक्सीत ते ओळखीमुळं माहिती असतं, ॲपमध्ये रेकॉर्डमुळं असतं, आणि दोन्हीकडं ही साखळी मधेच तुटू शकते. कुठं तुटते ते कळलं की निम्मं काम झालं.

ओळखीची टॅक्सी

ओळखीच्या गाडीचा मोठा फायदा म्हणजे माणूस आपल्या गावातला असतो, त्याचं घर माहिती असतं, त्याला पण पुढच्या वेळी आपलंच भाडं पाहिजे असतं. आईसारख्या म्हाताऱ्या माणसाला तर हेच बरं, कारण काका उतरून हात देतात, दवाखान्यात व्हीलचेअर आणतात, ॲपवरच्या पोराकडनं ती अपेक्षा ठेवता येत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका. पहाटेचं विमान होतं, काकांना आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं. रात्री दीडला गाडी दारात आली आणि आत काका नाहीतच, विशीतला एक पोरगा, म्हणाला काकांनी पाठवलंय, त्यांची तब्येत बरी नाही. गाडी तीच, नंबर तोच, मी बसले. बसताना दिसलं की डॅशबोर्डवर ताजा हार होता आणि मागच्या सीटवर प्रसादाचे चुरमुरे सांडलेले. म्हणजे गाडी देवदर्शनाची ट्रिप करून आत्ताच आली होती हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आनेवाडी टोलपर्यंत पोरगा बोलत होता, सुरूर फाट्यानंतर गप्प झाला. खंबाटकीचा बोगदा ओलांडून एस वळणाकडं उतरताना त्यानं एकदम खिडकीची काच पूर्ण खाली केली, थंडीच्या दिवसात. मग मान चोळायला लागला. गाडी हळूहळू डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर जायची आणि झटक्यात परत यायची. मी विचारलं दादा, झोप कधी झाली, तर म्हणाला काल दुपारी थोडी पडली होती ताई. शिरवळला हॉटेलवर गाडी थांबवायला लावली, त्याला चहा पाजला आणि सरळ सांगितलं की वीस मिनिटं सीट मागं करून झोप, मी बाहेर उभी राहते. विमान मिळालं. नसतं मिळालं तरी चाललं असतं.

म्हणून आता मी भाडं ठरवताना तीन गोष्टी विचारते आणि हे विचारायला लाजायचं नाही. गाडी स्वतः तुम्हीच आणणार का? दुसरं कोण येणार असेल तर त्याचं नाव आणि मोबाईल नंबर आदल्या रात्रीच पाठवा. आणि येणारा माणूस आधीच्या ट्रिपवरनं किती वाजता परत आलाय? हा तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. ॲपच्या कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ड्रायव्हरनं दिवसात १२ तासांच्या वर लॉगिन राहायचं नाही आणि मग १० तास विश्रांती, असं लिहिलं होतं. आपल्या गावातल्या टॅक्सीवाल्याचे तास मोजायला कुणी नाही, ते आपणच विचारायचं.

अजून एक, टॅक्सीवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात आणि स्वतःला जमत नसलं की ते ट्रिप दुसऱ्याला देतात. यात वाईट काही नाही, धंदाच तसा आहे. पण आपण फोन केला एकाला, त्यानं ट्रिप दिली दुसऱ्याला, त्यानं तिसऱ्याला, आणि दारात आलेल्या माणसाला आपल्या ओळखीचा माणूस सुद्धा ओळखत नाही, अशी वेळ येते. रिटर्न गाडी स्वस्तात मिळते तेव्हा तर हमखास. अशा गाडीला ओळखीची गाडी समजायचं नाही, अनोळखी समजूनच सगळं तपासायचं.

आणि गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरा माणूस बसलेला असेल तर बसायचं नाही. मग तो मित्र असो, भाऊ असो, पुढच्या फाट्यावर उतरणार असो. हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. गाडी कंपनीनं ठरवलेली, ड्रायव्हर नेहमीचा, फक्त त्या रात्री गाडीत त्याचा मित्र बसलेला होता. एवढा एक फरक. तिला कुणी सांगितलं असतं की दुसरा माणूस दिसला तर बसूच नको, तर काय झालं असतं, हे अजून माझ्या मनातनं जात नाही.

ॲपवरची कॅब

ॲपमध्ये बसायच्या आधीच नंबर, ड्रायव्हरचा फोटो, नाव, गाडीचं मॉडेल सगळं हातात येतं, रस्ता नकाशावर दिसतो, ट्रिप घरच्यांना शेअर करता येते आणि सगळ्याची नोंद मागं राहते. एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण पण असतं. ते काही आपोआप आलेलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या ड्रायव्हरनं प्रवासी मुलीवर बलात्कार केला, त्यानं खोटं चारित्र्य प्रमाणपत्र दिलेलं निघालं, दिल्लीत उबरवर बंदी आली, आणि त्यानंतर २०१५ मध्ये भारतातल्या ॲपमध्ये ते बटण आलं. म्हणजे एका मुलीनं भोगलं तेव्हा आपल्याला ते मिळालंय, तर निदान ते कुठं आहे हे घरबसल्या एकदा उघडून बघून ठेवा, अंधारात गाडीत बसून शोधायला लागू नका.

आता साखळी कुठं तुटते ते. पहिली जागा नंबर प्लेट. ॲपवर एक नंबर आणि समोर दुसरीच गाडी, ड्रायव्हर म्हणतो ती सर्व्हिसिंगला टाकलीय, ही भावाची आहे. बसायचं नाही. कितीही पाऊस असू दे, गर्दीमुळं भाडं कितीही वाढलेलं असू दे, ट्रिप कॅन्सल करून कारण लिहायचं आणि दुसरी बोलवायची. शेवटचे चार आकडेच नाही तर आधीची अक्षरं पण जुळवायची. फोटो पण बघायचा, कारण एकाच्या नावावर आयडी आणि चालवतो दुसरा असं होतं. ओटीपी किंवा पिन हे सगळं जुळल्याशिवाय सांगायचा नाही आणि नाव पण आपण आधी सांगायचं नाही, म्हणजे "सातारा ना? मीच ती" असं नाही, उलट त्याला विचारायचं, दादा कुणासाठी आलाय, बुकिंगवर नाव काय आहे.

दुसरी जागा म्हणजे "ताई, तेवढं कॅन्सल करा, तेवढ्याच पैशात सोडतो." हे पुण्यातनं साताऱ्याला येताना मी कितीवेळा ऐकलंय त्याचा हिशोब नाही. ड्रायव्हरची बाजू मला कळते, कमिशन जातं, परतीचं भाडं मिळत नाही, डिझेल परवडत नाही. पण कॅन्सल केलं की त्या क्षणापासनं तुम्ही त्या गाडीत आहात हे फक्त तुम्हाला आणि त्याला माहिती असतं. शेअर केलेली लिंक बंद, एसओएसचं बटण त्या ट्रिपला लागू नाही, उद्या पर्स राहिली तरी कुणाला सांगणार. मी एकदा हो म्हणलं होतं, दिवसाची वेळ होती, दीडशे रुपये वाचले आणि माणूस चांगला निघाला. पण कात्रज सोडल्यावर फोनची बॅटरी संपली आणि मग लक्षात आलं की मी आत्ता कुठल्या गाडीत आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही. दोन तास नुसते मैलाचे दगड बघत आले. तेव्हापासनं मी सरळ सांगते, दादा परतीच्या टोलचे पैसे वरनं देते, पण ट्रिप चालूच राहू दे.

तिसरं, चालू ट्रिपमध्ये ॲपवर "प्रवास संपला" असं आलं आणि तुम्ही अजून रस्त्यातच आहात, तर लगेच तोंडानं विचारायचं आणि घरी फोन लावायचा. कधीकधी चुकून दाबलं जातं, पण विचारल्याशिवाय कसं कळणार.

स्वारगेट, कात्रज आणि पांढऱ्या प्लेटच्या गाड्या

रात्री स्वारगेटला उतरलं की "सातारा, कराड, कोल्हापूर, एकच सीट, एकच सीट" चालू होतं. यातल्या बऱ्याच गाड्यांची नंबर प्लेट पांढरी असते, म्हणजे ती घरगुती वापराची गाडी. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची, पांढरी अक्षरं म्हणजे खासगी.

पांढऱ्या प्लेटचा ड्रायव्हर वाईटच असतो असं मी म्हणत नाही, पण खासगी गाडीचा विमा भाड्यानं नेलेल्या प्रवाशांसाठी नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण दाखवून हात वर करते. मग हॉस्पिटलचं बिल कुणी भरायचं? शिवाय परमिट नाही म्हणजे बॅज, फिटनेस कशाचीच तपासणी नाही. एमपरिवहन ॲप फोनमध्ये ठेवा, गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे आणि गाडीचा वर्ग काय हे दिसतं. वर्गात मोटर कॅब किंवा मॅक्सी कॅब दिसलं तर भाड्याची, मोटर कार दिसलं तर खासगी. मोटर कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून सहा जणांपर्यंत, मॅक्सी कॅब बारापर्यंत. आता आपल्याकडच्या वडापमध्ये, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या शेअरच्या जीपमध्ये, किती बसवतात ते तुम्ही बघताच, पुढं ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला पण एक. गावापासनं फाट्यापर्यंत ठीक आहे म्हणून लोक बसतात, पण हायवेला वडापनं जाऊ नका एवढंच म्हणते.

कारपूलच्या ॲपची गाडी पण खासगीच असते. तिथं माणूस स्वतःच्या कामाला निघालेला असतो आणि खर्च वाटून घेतो. मी दिवसा जाते अशा गाडीनं, आयडी तपासलेला, भरपूर जुने रिव्ह्यू असलेला आणि त्यातले काही बायकांनी लिहिलेले असतील तरच. चढायचं चांदणी चौक किंवा नवले पुलासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, आणि बोलणं ॲपच्या चॅटवरच ठेवायचं, म्हणजे ते राहतं. एकटीनं रात्री मात्र नाही.

स्टँडवर कुणी "ताई तुमची गाडी इकडं नाही, तिकडं लागलीय" म्हणून न्यायला लागला तर जागेवरनं हलू नका. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट आगारात फलटणला निघालेल्या मुलीवरच्या बलात्काराची सुरुवात, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, अशाच वाक्यानं आणि "ताई" म्हणण्यानं झाली होती. ताई, मावशी, वहिनी म्हणणं ही आपल्याकडची बोलायची पद्धत आहे, तेवढ्यावर विश्वास टाकू नका. एसटीचं असेल तर चौकशीच्या खिडकीवर, ॲपचं असेल तर ॲपमध्येच बघा.

दार लावायच्या आधी

मागचं दार उघडलं की लगेच बसू नका, दाराची जी अरुंद कड असते, दार लावल्यावर आत जाते ती, तिथं कुलपाच्या खाली एक छोटा खटका असतो, बऱ्याच गाड्यांत शेजारी लहान मुलाचं चित्र असतं. तो चाइल्ड लॉक. तो लावलेला असला की दार आतनं उघडत नाही, फक्त बाहेरनं. टॅक्सीत तो नसावा असा केंद्राचा नियम झालाय, पण जुन्या गाड्यांत असतो. मी बोटानं वरखाली करून बघते, दोन सेकंद लागतात, आणि शंका असेल तर दार ओढून एकदा आतनं उघडून बघते. ड्रायव्हरनं विचारलं तर सांगते दार नीट लागत नव्हतं.

मग बेल्ट. टॅक्सीत मागच्या सीटला रेक्झिनचं कव्हर घालतात आणि बेल्टचं बक्कल त्याच्याखाली गाडलं जातं. सीट आणि पाठीच्या फटीत हात घालून ते बाहेर काढायला लागतं, कधी बिस्किटाचा चुरा आणि जुनी तिकिटं पण हाताला लागतात. काढा तरी. ड्रायव्हर म्हणेल मागं लागत नाही ताई. लागतं, मागच्या सीटला पण बेल्ट सक्तीचा आहे आणि नाही लावला तर दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मर्सिडीजच्या मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. बक्कल सापडतच नसेल तर पुढं बसा किंवा गाडी बदला. आपण सगळे ड्रायव्हर कसा माणूस असेल याला घाबरतो, पण या रस्त्यावर माझ्या ओळखीतली जी माणसं गेली ती झोपेनं, स्पीडनं आणि बेल्ट नसल्यानं गेली. म्हणून याला कंटाळू नका. उताराला, म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यातनं नवले पुलाकडं उतरताना, गाडी न्यूट्रलला टाकलेली जाणवली तर गिअरमध्ये ठेवायला सांगा.

२०१९ पासनं नोंद झालेल्या नवीन टॅक्सींना जीपीएस आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे, रिक्षांना नाही. लाल बटण सीटजवळ किंवा दोन दारांमधल्या खांबावर असतं, कुठं आहे ते बसल्यावर बघून ठेवा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

फोनचं काम गाडी सुटायच्या आधीच करायचं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात, आठ तासांचा निवडा, एक तासाचा शिरवळच्या आधीच संपतो. गाडीचा नंबर नुसता फोटो काढून नको, टाइप करून साध्या एसएमएसनं पण पाठवा, कारण नेट गेलं तरी एसएमएस जातो. आणि गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला ऐकू जाईल असा एक फोन, "बाबा, बसले, नंबर पाठवलाय, साडेनऊपर्यंत वाढे फाट्यावर या." घरच्यांना पण सांगून ठेवा की घाटात ठिपका थोडा वेळ थांबला तर घाबरू नका, रेंज जाते, पण दहा-पंधरा मिनिटांनी पण हलला नाही तर फोन करा. नुसतं लोकेशन पाठवून उपयोग नाही, बघणारं माणूस जागं पाहिजे.

गडबड वाटली तर

वाद घालत बसू नका. "दादा, गाडी पंपावर घ्या, मला उलटी येतेय" एवढं म्हणा, सीट खराब होईल म्हणून कुठलाही ड्रायव्हर गाडी थांबवतो. उतरायचं ते टोलनाका, पेट्रोल पंप, माणसं असलेलं हॉटेल अशाच ठिकाणी, अंधारात हायवेच्या कडेला नाही. उतरलं की काउंटरवरच्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं आणि ११२ लावायचा. आधीच सेटिंग करून ठेवलं असेल तर बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं तरी इमर्जन्सी कॉल लागतो. अपघात किंवा गाडी बंद पडली तर हायवेची हेल्पलाइन १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८.

तक्रार करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नीरा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, त्यामुळं "हे आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा" असं ऐकायला मिळू शकतं. १ जुलै २०२४ पासनं लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, याला झिरो एफआयआर म्हणतात. हा शब्द तोंडात ठेवा. ॲपच्या गाडीची तक्रार ॲपमधल्या त्याच ट्रिपवर जाऊन लिहायची, टॅक्सीची आरटीओकडं, गाडीचा नंबर आणि वेळ टाकून.

पैसे शक्यतो यूपीआयनं, पोचल्यावर. अनोळखी गाडीला पूर्ण भाडं आधी देऊ नका. स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते पण एक रेकॉर्डच आहे.

आई एकटी जाते तेव्हा यातलं निम्मं तिला जमत नाही, म्हणून तिच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मी एक चिठ्ठी ठेवते, मोठ्या अक्षरात, त्यावर माझा आणि भावाचा नंबर, खाली गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल. गाडी सुटायच्या आधी तिच्यासमोरच ड्रायव्हरला सांगते की दादा शिरवळला चहाला थांबाल तेव्हा आईला मला फोन लावून द्या. पोचली की ती चिठ्ठी परत त्याच कप्प्यात, येताना गाडी दुसरी असेल तर खालच्या दोन ओळी खोडून नवीन लिहायच्या.